ओळख पटवायची कुणी?

‘मतदार ओळखपत्र काढायला असा काय मोठा त्रास पडतो हो? एक फोटो तर काढायचा!’ असं सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या कपाटात एक फाईल असते. तीत जन्माचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, घराचे कागद, विजेची बिलं असं सगळं ओळीनं लावलेलं असतं. पण ज्याच्या घरात कपाटच नाही, ज्याचे कागद पत्र्याच्या पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत वाशाला टांगलेले असतात आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे भिजतात, त्याला हाच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं येतं.

हा वाद आपल्याकडे शेषनसाहेबांपासून सुरू झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. गरीब माणूस, त्याचं मत आणि त्याच्या हातातला कागद यांचं नातं त्याहून बरंच जुनं आहे. तो इतिहास चाळला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. कागदाचा त्रास असतोच. पण खरा प्रश्न हा की तो कागद उभा करण्याचे कष्ट कुणी घ्यायचे? सरकारनं की मतदारानं?

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी काही हिंदी लोकांना मत मिळालं, पण ते माणूस म्हणून मिळालेलं नव्हतं. ठराविक सारा भरणारा, कर भरणारा, ठराविक भाड्याच्या घरात राहणारा, ठराविक इयत्ता शिकलेला अशा कसोट्या होत्या. म्हणजे साऱ्याची पावती हाच मताचा पुरावा. शेतमजूर, गिरणीतला बदली कामगार आणि बहुतेक सगळ्या बायका आपोआपच बाहेर राहिल्या. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमराव आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणावी, असं सांगितलं. पुढे सायमन कमिशनच्या वेळी तर त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. मालमत्तेची अट घातली की ज्याला मताची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच वगळला जातो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्याच काळात गरिबांमधल्या काही लोकांना मात्र सरकारनं मोठ्या हौसेनं कागद दिले होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवा. ज्या जमातींवर या कायद्याचा शिक्का बसला, त्यांची नावं रजिस्टरात चढली, बोटांचे ठसे घेतले गेले, रोजची हजेरी लागली. दुसऱ्या गावाला जायचं तर पास लागायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. हा कायदा देशभरातून गेला तो १९५२ साली. म्हणजे आपल्या भटक्या-विमुक्तांच्या पूर्वजांनी ओळखीचा कागद पाहिला तो पहारा म्हणून. अंगणात सरकारी माणूस रजिस्टर घेऊन आला की म्हातारी माणसं आजही आधी बिचकतात. त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. त्यामागे चार पिढ्यांचा अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्यानंतर जे घडलं ते विलक्षण होतं. संविधान अमलात येण्याच्या आधीच, १९४८ साली, संविधान सभेच्या सचिवालयानं प्रौढ मताधिकाराच्या मतदार याद्यांचं काम हाती घेतलं. फाळणीमुळे लाखो माणसं उघड्यावर आली होती. त्यांच्याकडे ना घर, ना पावती, ना दाखला. यांची नावं घ्यायची कशी? तेव्हा असं ठरलं की, या गावात कायम राहायचा माझा विचार आहे, एवढं निर्वासितानं लिहून दिलं तरी त्याचं नाव यादीत घ्यावं. नव्या सरकारनं माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. ज्या दिवसांत शेजारी शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता, त्या दिवसांत हे झालं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी सव्वासतरा कोटींच्या वर गेली. तेव्हा देशात शंभरातल्या अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अडचण आली. उत्तरेकडच्या लाखो बायकांनी आपलं नाव सांगायलाच नकार दिला. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी झाल्या. सेन अडून बसले. बाईनं स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बिहारमध्ये त्यासाठी महिनाभर मुदत वाढवून दिली गेली. तरीही शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. सेन यांचं तत्त्व बरोबर होतं, असंच मला आजही वाटतं. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नावं सांगू लागल्या, हेही खरं. पण त्या वेळी नियमाची किंमत कुणी मोजली, तर ज्यांचा नियम करण्यात काहीच हात नव्हता त्या बायकांनी. हा हिशेब पुढेही वारंवार तसाच येतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

मग ओळखपत्राशिवाय मतदान होत तरी कसं होतं? बोटाला शाई लावत, ती पहिल्याच निवडणुकीपासून. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंगाच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर चढलं की धुऊन जात नाही. दुसरी तजवीज म्हणजे माणसं. केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसत, ते मतदारांना तोंडानं ओळखत. खेड्यात कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊकच असे.

आणि तिसरी तजवीज नियमांत होती. १९६१ चे निवडणूक नियम सहसा कुणी वाचत नाही. त्यांत असं म्हटलं आहे की, एखाद्या मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या प्रतिनिधीला हरकत घ्यायची असेल तर त्यानं आधी दोन रुपये रोख भरावेत. मग केंद्राध्यक्षानं तिथल्या तिथे चौकशी करावी. हरकत घेणाऱ्याला पुरावा मागावा, मतदारालाही विचारावं. हरकत सिद्ध झाली नाही तर त्याला मत देऊ द्यावं. आणि हरकत उगाच, वाईट हेतूनं घेतलेली असेल तर ते दोन रुपये सरकारजमा करावेत. त्याच नियमांत असंही आहे की, यादीतल्या नोंदीत नुसती लेखनाची किंवा छपाईची चूक असेल आणि माणूस तोच आहे अशी खात्री पटली, तर केंद्राध्यक्षानं त्या चुकीकडे दुर्लक्ष करावं.

दोन रुपये ही आज चेष्टेची रक्कम वाटेल. पण तिच्यामागचा विचार पाहा. यादीत नाव आहे ना, मग माणूस खरा. ज्याला तो खोटा वाटतो त्यानं पुढे यावं, पैसे भरावेत, पुरावा द्यावा. संशय घेणाऱ्यावर ओझं टाकलेलं होतं.

आता फोटोकडे येऊ. ही कल्पनासुद्धा जुनी आहे. मोठ्या शहरांत शेजार शेजाऱ्याला ओळखत नाही, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणारे वाढले, म्हणून १९५८ च्या अखेरीस कायद्यात फोटोच्या ओळखपत्राची सोय झाली. पहिला प्रयोग झाला कलकत्त्यात, १९६० च्या मे महिन्यात झालेल्या नैऋत्य कलकत्त्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीसाठी. मतदार होते सुमारे ३ लाख ४२ हजार. दहा महिने खटपट करून फोटो निघाले २ लाख १३ हजारांचे आणि हातात कार्डं पडली २ लाख १० हजारांच्या. अनेक बायकांनी फोटो काढून घ्यायला नकार दिला. पुष्कळ माणसं पत्त्यावर सापडली नाहीत. प्रयोग गुंडाळून ठेवावा लागला.

पण त्याच १९६० साली झालेल्या मतदार नोंदणी नियमांतली भाषा मला फार बोलकी वाटते. मतदाराचा फोटो सरकारी खर्चानं काढावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मतदारानं फोटोला नकार दिला, किंवा सरकारी छायाचित्रकाराला वारंवार जाऊनही तो घरी सापडला नाही, तर त्याचं कार्ड होणार नाही, अशी नोंद करावी, असंही आहे. ‘वारंवार जाऊनही’ हे शब्द बघा. छायाचित्रकार मतदाराच्या दारी जाणार, एकदा नाही तर अनेकदा जाणार, असं नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. मतदारानं एक दिवसाचा रोज बुडवून तालुक्याला जावं, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं.

कलकत्त्याचा प्रयोग बसला, तरी गरिबांचे फोटो निघायचे थांबले नाहीत. १९७६ च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि मोजल्या गेलेल्या झोपड्यांना फोटोपास मिळाले. ‘फोटोपास’ हा शब्द मुंबईच्या वस्तीवस्तीत मराठी होऊन गेला. ज्याच्याकडे तो आहे त्याची झोपडी मोजली गेली, ज्याच्याकडे नाही त्याची कधीही उठू शकते. पुढे पुनर्वसनाच्या योजना आल्या आणि १ जानेवारी १९९५ ही तारीख आली. त्या तारखेच्या मतदार यादीत नाव आहे का, हा झोपडीधारकाच्या पात्रतेचा मोठा पुरावा ठरला. ही तारीख नंतर पुढे सरकली, पण यादीचं महत्त्व कमी झालं नाही. इमारतीत राहणाऱ्याला मतदार यादी पाच वर्षांतून एकदा आठवते. झोपडपट्टीतल्या बाईला मात्र ती डोक्यावरच्या छपराएवढी महत्त्वाची असते. गरिबांना कागदाचं महत्त्व कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा एखाद्या वस्तीत जाऊन कुणाच्या पेटीतले कागद पाहावेत. तीस वर्षांपूर्वीची मतदार यादीची झेरॉक्स तिथे जपून ठेवलेली सापडेल.

मतदार म्हणून फोटोचं कार्ड प्रत्यक्षात आलं ते १९७९ साली सिक्कीमच्या विधानसभा निवडणुकीत, नंतर ईशान्येच्या आणखी काही राज्यांत. आणि मग आले टी. एन. शेषन. १९९३ च्या ऑगस्टमध्ये आयोगानं देशभर फोटोची ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रांशिवाय निवडणुकाच होणार नाहीत, असं शेषन यांनी बजावलं. राज्यांनी खर्चाची तक्रार केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तो आग्रह तसाच्या तसा टिकला नाही. पण कार्डं निघायला लागली.

शेषन यांना दोष देऊन चालणार नाही. त्या काळात कित्येक ठिकाणी मतदान केंद्रं बळकावली जात होती. दलित वस्तीतला मतदार दुपारी केंद्रावर पोचला की त्याला सांगत, ‘तुझं मत झालं, घरी जा.’ नियमाप्रमाणे अशा माणसाला वेगळी मतपत्रिका मिळते, पण ती पाकिटात बंद होते आणि न्यायालयानं मागवल्याशिवाय मोजली जात नाही. चोरलेलं मत बहुधा गरिबाचंच असायचं. त्याच्या हातात त्याच्या चेहऱ्याचं कार्ड आलं, तेव्हा चोराला निदान विचार करावा लागला. आणखी एक गोष्ट घडली. खेड्यातल्या पुष्कळ बायकांच्या हातात, स्वतःचं नाव आणि स्वतःचा चेहरा असलेला आयुष्यातला पहिला कागद पडला तो हाच. १९५२ मध्ये ‘तमक्याची बायको’ म्हणून गळालेल्या बायकांच्या लेकी-सुना आता रांगेत उभ्या राहून फोटो काढत होत्या. तो फोटो काळपट यायचा, ओळखू यायचा नाही, पण त्या कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवायच्या. हे सगळं झालं, कारण शिबिरं गावात लागली, कॅमेरा गावात आला.

त्याच सुमारास मुंबईत मात्र उलटा अनुभव आला. ३९ मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या सुमारे १ लाख ६७ हजार माणसांना पोलिसांमार्फत नोटिसा गेल्या, की तुम्ही भारताचे नागरिक आहात याचा पुरावा आणा. पुरावा म्हणून चालणार काय, तर जन्माचा दाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. रेशन कार्ड चालणार नाही. नोटिसा मिळालेल्यांत आधीच्या निवडणुकांत मत दिलेली माणसं होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत शहरातली कितीतरी घरं जळाली होती. घर जळतं तेव्हा कागद आधी जळतात. अशा माणसानं पासपोर्ट कुठून आणायचा? हातावर पोट असलेल्या बिगारी कामगाराकडे पासपोर्ट असतो तरी का?

दिल्लीतल्या वस्त्यांमध्येही असंच घडलं होतं. हे सारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लालबाबू हुसैन खटला म्हणून ते ओळखलं जातं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयानं ती सारी कारवाई रद्द केली. ज्याचं नाव आधीच्या यादीत आहे, त्याचं नाव घेताना अधिकाऱ्यानं रीतसर खात्री करूनच घेतलं असणार, असं धरून चाललं पाहिजे. काढायचं असेल तर त्याचं म्हणणं ऐका, तो देईल तो पुरावा बघा, ठराविक चार कागदांवर अडून बसू नका, असा त्या निकालाचा आशय होता. दोन रुपयांच्या नियमातला विचारच न्यायालयानं मोठ्या अक्षरांत मांडला, असं मला वाटतं. मी मुसलमान आहे, मराठीत लिहितो, आणि त्या काळी मोहल्ल्यामोहल्ल्यात किती धास्ती होती ते मी पाहिलं आहे. म्हणून त्या निकालाबद्दल मला कृतज्ञता वाटते.

पुढे २००० साली हरियाणाच्या निवडणुकीत ओळख दाखवणं सक्तीचं झालं आणि हळूहळू सगळीकडे. पण आयोगानं शहाणपणा केला. ज्याच्याकडे मतदार कार्ड नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कागदांची यादी दिली. बँकेचं पासबुक, नोकरीचं ओळखपत्र, पुढे रोजगार हमीचं जॉब कार्डसुद्धा चाललं. यादीतच फोटो छापले जाऊ लागले. काही वर्षं तर केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुधा शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका, घरी फोटोची मतदार चिठ्ठी आणून देत आणि ती दाखवून मत देता येई. २०१९ पासून नुसती ती चिठ्ठी पुरेशी राहिली नाही. चिठ्ठीचा गैरवापर होतो, हे कारण दिलं गेलं. ते खरंही असेल. पण जो कागद सरकार स्वतः दारात आणून देत होतं, तो ओळख म्हणून बाद झाला.

आपल्या नंदुरबारमधल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आदिवासींचं गाव मुद्दाम निवडलं होतं. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, असा हेतू सांगितला गेला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी निघाली. २००३ च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांनी अकरा कागदांपैकी एक द्यायचा होता. त्या अकरांत आधार नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं आणि आयोगानंच दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. यादीत मतदार होते ७ कोटी ८९ लाख. १ ऑगस्टच्या मसुद्यातून ६५ लाख नावं गेली. मयत, स्थलांतरित, दोनदा नोंदलेले, न सापडलेले अशी कारणं आयोगानं सांगितली. जुन्या याद्यांत मेलेल्यांची नावं असतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे याद्या स्वच्छ कराव्यात याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण कुणाची नावं का गेली, हे जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ८ सप्टेंबरला आधार हा ओळखीचा बारावा कागद म्हणून घ्यायला लावावा लागला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावं होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ही मोहीम आणखी बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली. त्यांत आपला शेजारी गोवाही होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एक फोटो काढायला काय त्रास? फोटोला त्रास नाही. त्रास आहे तो त्याच्या मागच्या कागदाला. माझ्या आईची जन्मतारीख कुठेच नोंदलेली नव्हती. ‘गांधीबाबा गेले त्या सालची,’ एवढंच घरात सांगत. माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. माझ्या वडिलांच्या नावात मुहम्मद आहे. ते एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर महमद असं आहे. बोलताना एकच नाव, पण संगणकापुढे ती तीन माणसं होतात. हे फक्त आमच्यातच होतं असं नाही. लग्नात तांदळात नवं नाव लिहून सुनेचं नाव बदलायची चाल मराठी घरांत आहे. माहेरी एक, सासरी दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. त्या बाईला कुणी म्हटलं, ‘तू तीच आहेस हे सिद्ध कर,’ तर तिनं कुठं जायचं? माहेर दोन जिल्हे पलीकडे, तिथल्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं.

बीडचे ऊसतोड कामगार पाहा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन निघतात, ते पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. नाव गावच्या यादीत, माणूस कारखान्याच्या थळावर. तपासणीला कुणी आलं तर घराला कुलूप. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन तोडीच्या तोंडावर. मताचा हक्क आहे, नाव आहे, कार्ड आहे, तरी पोचायचं कसं? आणि ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा एकदा पडला, की पुढच्या वेळी तेही नाही.

पुष्कळांना हेही ठाऊक नसतं की नुसतं कार्ड असून मत देता येत नाही, नाव यादीत लागतं. कार्ड जपून ठेवलेली म्हातारी केंद्रावर येते, यादीत नाव नसतं, आणि कार्ड उंच धरून ती विचारते, ‘हा फोटो माझा नाही का?’ तिला काय उत्तर द्यायचं ते तिथल्या कर्मचाऱ्यालाही कळत नाही. अर्ज फुकट आहे, हे कबूल. पण सेतू केंद्रापर्यंतची एसटी फुकट नाही, झेरॉक्स फुकट नाही, आणि ‘उद्या या’ म्हटल्यावर बुडालेला दुसरा रोज तर मुळीच नाही. पगारी माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत होते.

मी ओळखपत्राच्या विरोधात नाही. ज्याचं मत चोरीला जात होतं, त्याला त्या कार्डानं आधार दिला, हे मी विसरत नाही. बोगस नावं जायला हवीत, हेही मान्य. पण गेल्या पाऊणशे वर्षांत दोन रीती आपण वापरून पाहिल्या आहेत. सरकार दारात आलं, नाव विचारलं, फोटो काढला, कार्ड हातात दिलं, तेव्हा गरिबांनी ते आनंदानं घेतलं आणि जपलं. आणि गरिबाला सांगितलं की तूच पुरावा घेऊन ये, तेव्हा तो मागे राहिला. १९४८ साली हातात काही नसताना देशाला पहिली रीत जमली. आज संगणक आहेत, गावोगाव रस्ते आहेत, घरोघर फिरणारे कर्मचारी आहेत. आज ती जमू नये असं काही कारण मला दिसत नाही.

त्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. यादीचं चावडीवर, वस्तीवर वाचन व्हावं, म्हणजे मेलेल्याचं नावही कळेल आणि राहिलेल्या जिवंताचंही. तपासणी हंगाम बघून व्हावी, ऊसतोडीत नको. शब्दाच्या वेलांटीवरून कुणाचं नाव अडू नये, केंद्रावरच्या माणसाला जी मुभा १९६१ च्या नियमांनी दिली ती नोंदणीच्या टेबलावरही असावी. आणि नाव काढायचंच असेल तर काढणाऱ्यानं कारण दाखवावं.

आपणही एक करू शकतो. पुढच्या वेळी यादीत स्वतःचं नाव बघाल, तेव्हा आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचं, इमारतीच्या रखवालदाराचं, कोपऱ्यावरच्या चांभारदादाचं नाव आहे का, तेही बघा. नसेल तर त्यांना अर्ज भरून द्या. आपली दहा मिनिटं जातील, त्यांचा एक रोज वाचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)